द्रुतगती रेल्वे आणि खानदेश: आपण नेमके काय मागावे आणि त्याला खर्च किती?

गिरणाकाठ

मुंबई–नागपूर द्रुतगती रेल्वेचा विषय निघाला की हा मार्ग जळगाव–भुसावळवरून न्यावा, अशी मागणी आपल्या भागात होते. ही मागणी करणाऱ्यांची तळमळ मला पूर्ण समजते. देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक असलेले भुसावळ आपल्याकडे आहे, मुंबई–हावडा मुख्य मार्ग आपल्या अनेक तालुक्यांतून जातो, आणि तरीही नव्या मार्गाचे नियोजन झाले ते नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना, वर्धा या गावांना धरून, म्हणजे बहुतांशी समृद्धी महामार्गाच्या सोबतीने. राष्ट्रीय हायस्पीड रेल्वे महामंडळाने या मार्गाचा सविस्तर प्रकल्प अहवाल २०२२ मध्ये रेल्वे मंत्रालयाला दिला. त्या आराखड्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एकही स्थानक नाही.

तरीसुद्धा मार्ग आपल्याकडे वळवा असे म्हणण्याऐवजी आपण दुसरे काही मागावे, असे माझे मत आहे. त्यासाठी आधी खर्चाचा हिशेब मांडतो.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरांचा आहे आणि त्याचा मूळ अंदाज १,०८,००० कोटी रुपयांचा होता. म्हणजे किलोमीटरला साधारण २१३ कोटी, तेही मूळ अंदाजानुसार. आता मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केलेली आपल्या भागातली कामे पाहा. मनमाड–इंदूर नवा मार्ग ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, म्हणजे किलोमीटरला ५८ कोटी. जालना–जळगाव नवा मार्ग १७४ किलोमीटर, ७,१०६ कोटी, म्हणजे किलोमीटरला ४१ कोटी. भुसावळ–खंडवा तिसरी व चौथी मार्गिका १३१ किलोमीटर, ३,५१४ कोटी, म्हणजे २७ कोटी. मनमाड–जळगाव चौथी मार्गिका १६० किलोमीटर, २,७७३ कोटी, म्हणजे जेमतेम १७ कोटी. बुलेट ट्रेनच्या एका किलोमीटरच्या पैशात मनमाड–जळगावसारख्या मार्गिकेचे बारा किलोमीटर होतात. दोन्ही कामे एकाच प्रकारची नाहीत हे मला मान्य आहे, पण सरकारी तिजोरी एकच असल्यामुळे तुलना टाळता येत नाही.

आता वेळेचा हिशेब. मनमाड ते जळगाव हे १६० किलोमीटर न थांबता ताशी ११० च्या वेगाने कापायला ८७ मिनिटे लागतात, १३० ने ७४ मिनिटे, १६० ने ६० मिनिटे आणि ३२० ने ३० मिनिटे. ११० वरून १६० वर गेल्यास २७ मिनिटे वाचतात. त्यानंतर वेग थेट दुप्पट केला तरी वाचतात ३० मिनिटेच. पहिली बचत बऱ्याच अंशी आहे त्या रुळांची, सिग्नलची आणि कुंपणाची सुधारणा करून मिळते. दुसरीसाठी सगळेच नवे लागते: नवे गेज (रुळांमधले अंतर), नवा उन्नत मार्ग, नवी स्थानके, नवे डेपो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो आणि विजेचे देयक कायमचे वाढते.

इगतपुरी–भुसावळ–बडनेरा मार्गावर कमाल वेग १३० पर्यंत वाढवला गेला आहे. तरीही आपल्या गाड्या वेळेवर धावत नाहीत, कारण वेगमर्यादा हे उशिराचे खरे कारण नाही. पुढे मालगाडी असते, स्थानकात फलाट मोकळा नसतो, कसारा घाटात १:३७ चा चढ असल्यामुळे मागून ढकलणारी जादा इंजिने (बँकर) जोडावी लागतात. उशीर कुठे होतो ते आधी पाहावे आणि पैसा तिथे मागावा, असे मला वाटते. इतरांची मते जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः ज्यांनी बांधकामाचे किंवा रेल्वेचे काम जवळून पाहिले आहे त्यांची.

रचनाकार

गिरणाकाठ, आपल्या मांडणीशी मी सहमत आहे, पण एक भर घालतो. मी स्थापत्य अभियंता आहे आणि पुलांच्या कामावर बरीच वर्षे आहे. वेग वाढला म्हणून खर्च वाढला, असे सरळ समीकरण लोक मांडतात, ते अपुरे आहे. खर्च ठरतो तो रूळ कशावर बसतात त्यावरून.

दिल्ली–मेरठ जलद प्रादेशिक रेल्वेचे उदाहरण घ्या. ८२ किलोमीटर, मंजूर खर्च ३०,२७४ कोटी, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३६९ कोटी. त्या गाडीचा प्रत्यक्ष कमाल वेग १६० आहे. बुलेट ट्रेनच्या निम्म्या वेगाची गाडी प्रतिकिलोमीटर बुलेट ट्रेनच्या मूळ अंदाजापेक्षा महाग पडली, कारण ती दाट वस्तीतून जाते, काही भाग भुयारी आहे आणि स्थानके जवळजवळ आहेत. उलट चीनचे उदाहरण आहे. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अभ्यासानुसार तिथे द्रुतगती मार्गांचा खर्च इतर देशांच्या सुमारे दोन तृतीयांश पडला, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे रचनांचे प्रमाणीकरण. एकाच मापाचे गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, हजारोंनी ओतायचे, तीच यंत्रे एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायची. मुंबई–अहमदाबाद मार्गावर ४० मीटर लांबीचे, सुमारे ९७० टनांचे अखंड गर्डर टाकले गेले, तेही याच विचाराने. ते तंत्र आणि ती यंत्रे आता देशात आहेत, ही त्या प्रकल्पाची न दिसणारी कमाई आहे आणि पुढच्या मार्गांच्या अंदाजात ती धरली गेली पाहिजे.

आपल्या भागापुरती एक वेगळी अडचण आहे ती काळ्या जमिनीची. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली कसदार काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. साध्या रुळाखाली खडी असते, त्यामुळे रूळ थोडा खचला तर खडी ठोकून तो पुन्हा पातळीवर आणता येतो. द्रुतगती मार्गावर रूळ काँक्रीटच्या लादीवर बसवलेले असतात आणि तिथे काही मिलिमीटरचा फरकही महागात पडतो. म्हणून अशा जमिनीत एकतर माती खोलवर बदलावी लागते किंवा मार्ग सरळ खांबांवर न्यावा लागतो. मुंबई–अहमदाबाद मार्गाचे ४६० किलोमीटरांहून अधिक अंतर उन्नत आहे. त्यामागे जमीन कमी लागावी, शेतरस्ते तुटू नयेत, पुराचे पाणी अडू नये अशी इतरही कारणे आहेत. पण आपल्याकडे मार्ग आला असता तर तो स्वस्तात भरावावर झाला असता, असे कुणी समजू नये.

पांझरा

दोघांच्याही आकड्यांबद्दल आदर राखून मला वेगळे म्हणायचे आहे. प्रत्येक वेळी खानदेशानेच हिशेब का करायचा? मुंबई–अहमदाबाद मार्गाची मागणी करताना कुणी मनमाड–जळगावच्या मार्गिकेशी तुलना केली नव्हती. धुळे हे जिल्ह्याचे ठिकाण आहे, एके काळचे पश्चिम खानदेशाचे मुख्यालय आहे, आणि आजही ते चाळीसगावहून निघालेल्या फाट्याच्या टोकाला आहे. मनमाड–इंदूर मार्ग मंजूर व्हायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. आपण आधीच थोडे मागितले तर मिळणार त्याहून थोडे, हा आमचा अनुभव आहे. मोठे मागावे आणि वाटाघाटीत मधल्या गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

दुसरे असे की, कर्जाचा विचार कुणी केलेला दिसत नाही. जपानने मुंबई–अहमदाबादला ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने आणि पहिली १५ वर्षे परतफेड नाही अशा अटींवर कर्ज दिले. असे कर्ज मिळत असेल तर किलोमीटरला २१३ कोटींचा आकडा तितका भयावह राहत नाही.

गिरणाकाठ

पांझरा, आपला दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तो घेतो. जपानच्या कर्जाचा वाटा मूळ खर्चाच्या ८१ टक्के, म्हणजे सुमारे ८८,००० कोटी. त्यावर ०.१ टक्क्याने वर्षाचे व्याज ८८ कोटी होते. हीच रक्कम देशांतर्गत बाजारातून ७ टक्क्यांनी उभी केली असती तर व्याज ६,१६० कोटी झाले असते. म्हणजे त्या प्रकल्पाचे सगळे अर्थकारण कर्जाच्या अटींवर उभे आहे. त्यातही कर्ज येनमध्ये आहे आणि उत्पन्न रुपयांत, त्यामुळे पन्नास वर्षांत रुपया घसरला तर परतफेडीचा बोजा त्या प्रमाणात वाढतो.

मुंबई–नागपूर मार्ग साधारण ७४० किलोमीटरांचा धरला आणि तोच मूळ दर लावला तर १,५७,००० कोटी होतात. ही रक्कम ७ टक्क्यांनी उभी केली आणि वर्षाला १ कोटी प्रवासी मिळाले असे गृहीत धरले, तर केवळ व्याजापोटी प्रत्येक प्रवाशामागे जवळपास ११,००० रुपये पडतात. ०.१ टक्क्याने हाच आकडा १५७ रुपये होतो. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण स्वस्त कर्जाशिवाय असा मार्ग तिकिटाच्या पैशावर उभा राहू शकत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. तैवानने ही किंमत मोजली आहे. तिथला मार्ग खाजगी कंपनीने बांधून २००७ मध्ये सुरू केला, व्याज आणि घसारा पेलेना, आणि २०१५ मध्ये सरकारला भांडवल घालून तो सावरावा लागला. गाड्या चांगल्या होत्या, प्रवासीही होते. पैशाची रचना चुकली होती.

मोठे मागून मधले पदरात पाडावे, या आपल्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. रेल्वेच्या बाबतीत मोठ्या मागणीचे सर्वेक्षण निघते, वर्षानुवर्षे अहवालावर अहवाल होतात, आणि तोवर ‘या भागाचा प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे सांगून छोटी कामे बाजूला ठेवता येतात. मनमाड–इंदूरच्या सर्वेक्षणांचा इतिहास आपल्यालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

केळीबाग रावेर

मी शेतकरी आहे, रेल्वेचा जाणकार नाही, पण दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट मालगाडीची. वर गिरणाकाठ यांनी लिहिले आहे की प्रवासी गाडीपुढे मालगाडी येते म्हणून उशीर होतो. आमच्याकडून पाहिले तर प्रवासी गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर थांबवून ठेवतात. रावेर आणि सावदा इथून केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते, आणि केळीला एक दिवसाचा उशीर म्हणजे भावात उतार. म्हणून तिसरी-चौथी मार्गिका ही फक्त प्रवाशांची मागणी नाही. भुसावळ–खंडवा मार्गिका झाल्या तर मुंबईचा प्रवासी आणि रावेरची केळी एकमेकांच्या वाटेतून बाजूला होतील. भुसावळमार्गे पूर्व-पश्चिम समर्पित मालवाहू मार्गिकेचा जो प्रस्ताव आहे, तोही याच नजरेने पाहावा.

दुसरी गोष्ट जमिनीची. बागायती जमिनीचे मोल सातबाऱ्यावर पूर्ण दिसत नाही. विहीर, कूपनलिका, दोन-दोन किलोमीटरवरून आणलेली पाइपलाइन, ठिबकचे जाळे हे सगळे असते. मार्ग शेताच्या मधून गेला तर संपादन होते एका पट्ट्याचे, पण पाइपलाइन तुटल्यामुळे कोरडे पडते पलीकडचे सगळे शेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडे, विहिरी, बांधकामे यांचे मूल्यांकन आहे, उरलेल्या जमिनीच्या नुकसानीचाही विचार आहे, पण मोजणीच्या दिवशी पंचनाम्यात जे लिहिले जात नाही त्याचा मोबदला मिळवायला न्यायालयात जावे लागते. आमच्या घरच्या जमिनीचा एक भाग रस्त्यासाठी गेला तेव्हा जमिनीखालची पाइपलाइन नोंदवायची राहून गेली, आणि पुढची काही वर्षे आम्ही कागद घेऊन फिरत राहिलो. मोजणीला शेतकऱ्याने स्वतः उभे राहावे आणि प्रत्येक वस्तूची नोंद वाचल्याशिवाय सही करू नये, हे या धाग्याच्या निमित्ताने सगळ्यांना सांगतो.

रचनाकार

रावेरचे आपण लिहिलेत ते खर्चाच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. मुंबई–अहमदाबादचे भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले आणि दोन्ही राज्यांतली सगळी जमीन ताब्यात आल्याचे महामंडळाने जाहीर केले ते जानेवारी २०२४ मध्ये. पालघरच्या ग्रामसभांचा विरोध, तिवरांच्या तोडीची परवानगी, विक्रोळीच्या भूखंडाचा उच्च न्यायालयातला वाद, हे सगळे भूमिपूजनानंतर चालू राहिले. या काळात पोलाद, सिमेंट, मजुरी यांचे दर थांबून राहिले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या द्रुतगती रेल्वेचेही तेच झाले. २००८ मध्ये मतदारांपुढे ठेवलेला अंदाज सुमारे ३३ अब्ज डॉलरचा होता, आज तो १०० अब्जांच्या पुढे आहे, आणि जमिनीचे तुकडे हाती नसताना बांधकामाची कंत्राटे दिली गेली हे त्यातले एक ठळक कारण आहे. जपानच्या पहिल्या शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, खर्चही मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि जपानी रेल्वेच्या अध्यक्षांनी १९६३ मध्ये पद सोडले. म्हणजे १९६४ मध्ये जो मार्ग साऱ्या जगाने आदर्श मानला, त्याचाही अंदाज चुकला होता.

माझ्या अनुभवात पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो अर्धवट मिळालेल्या जागेवर. तीन खांबांची जागा मिळते, चौथ्याची मिळत नाही, आणि गर्डर टाकणारे यंत्र मधला खांब सोडून पुढे जाऊ शकत नाही. यंत्र उभे राहते, त्याचे भाडे चालू राहते, माणसे बसून राहतात. जमीन, वनपरवानगी, विजेच्या तारा आणि पाण्याच्या वाहिन्या हलवणे ही कामे आधी पूर्ण करून मगच मुख्य निविदा काढण्याचा नियम केला, तर एकूण मुदत वाढल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात कमी होते.

सातपुडा पायथा

आम्ही नंदुरबारकर या चर्चेत थोडे बाजूला पडतो, कारण आमचा ओढा मुंबईइतकाच सुरतेकडे आहे. कामाला, बाजाराला, दवाखान्याला माणसे सुरतेला जातात. उधना–जळगाव मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले. मूळचा ताप्ती व्हॅली मार्ग १९०० च्या सुमाराचा, म्हणजे दुसरा रूळ पडायला शतकाहून अधिक काळ गेला.

माझे म्हणणे असे आहे की बुलेट ट्रेन खानदेशात येणार नसली तरी ती खानदेशाच्या दाराशी आलेलीच आहे. सुरतचे द्रुतगती स्थानक शहराबाहेर अंत्रोलीला आहे आणि आपला ताप्ती मार्ग चलथाणवरून, म्हणजे त्याच परिसरातून जातो. नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा, अमळनेर इथला माणूस तिथे उतरून मुंबईकडे किंवा अहमदाबादकडे जाऊ शकेल, पण त्यासाठी आपल्या गाडीच्या थांब्यापासून त्या स्थानकापर्यंत बस हवी, वेळापत्रक जुळलेले हवे, एकच तिकीट हवे. आज यासाठी जेवढा आग्रह धरायला हवा तेवढा कुणी धरलेला मला दिसत नाही. दोन राज्ये, दोन महामंडळे आणि मधे रिकामी राहिलेली काही किलोमीटरची जागा, असे होऊ नये.

गिरणाकाठ

सातपुडा पायथा, आपण माझ्या मनातला मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. तैवानमध्ये नेमके हेच घडले. द्रुतगती स्थानके गावाबाहेर बांधली, २००७ मध्ये गाड्या सुरू झाल्या, आणि ताइनानच्या जुन्या स्थानकापासून नव्या स्थानकापर्यंत जोडमार्ग आला २०११ मध्ये. फ्रान्समध्ये पिकार्डी भागात दोन शहरांच्या मधोमध बांधलेल्या स्थानकाला लोक बीटच्या शेतातले स्थानक म्हणू लागले, कारण तिथे जुना रेल्वेमार्ग जोडलेलाच नव्हता.

या दृष्टीने खानदेशाला तीन दारे आहेत. पश्चिमेला सुरत. दक्षिणेला जालना, कारण मुंबई–नागपूर द्रुतगती मार्गाच्या आराखड्यात जालना आहे आणि जळगाव–जालना नवा मार्ग मंजूर झालेला आहे. आणि नाशिक, जिथे चाळीसगाव, पाचोरा, धुळे या भागाला पोहोचता येईल. यातले जालना मला सर्वांत निकडीचे वाटते. एक मार्ग मंजूर आहे आणि दुसरा कागदावर आहे, म्हणजे दोन्ही स्थानके एकाच आवारात किंवा एका पादचारी पुलाच्या अंतरावर आणणे आज केवळ नकाशावर रेघ सरकवण्याइतके सोपे आहे. एकदा दोन वेगवेगळ्या जागांचे संपादन झाले की मग प्रवाशाला सामान घेऊन कायमचे रिक्षात बसावे लागेल. जळगाव–जालना मार्गाच्या खर्चात राज्य सरकारचा निम्मा वाटा आहे, त्यामुळे हा शब्द मुंबईतूनही टाकता येतो, प्रत्येक वेळी दिल्लीला जाण्याची गरज नाही.

पांझरा

जोडणीचा मुद्दा पटला. सुरत आणि जालना यांबद्दल मी आजवर या बाजूने विचार केला नव्हता. पण धुळ्याच्या दृष्टीने एक प्रश्न राहतो. मनमाड–इंदूर मार्गाचे बोरविहीर–नरडाणा या टप्प्याचे काम हाती घेतलेले आहे. हा मार्ग पुढेमागे १६० किंवा २०० च्या वेगाने वापरायचा असेल, तर आत्ता काही वेगळे मागावे लागेल का, की ते नंतर करता येते?

रचनाकार

काही गोष्टी नंतर करता येतात, काही मुळीच नाहीत. सिग्नल यंत्रणा, कवच (गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा), जड रूळ, दोन्ही बाजूंचे कुंपण, विजेच्या तारांची ताणव्यवस्था हे सगळे दहा वर्षांनीही बदलता येते. वळणाची त्रिज्या मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. १०० च्या वेगाला ५०० मीटरच्या आसपासची त्रिज्या चालून जाते, १६० ला १,३०० मीटरच्या पुढची लागते, २०० ला २,००० मीटरच्या पुढची. मुंबई–अहमदाबादसाठी ती ६,००० मीटर धरली गेली. एकदा भराव टाकला, पूल उभे राहिले, बाजूला वस्ती आली, की ते वळण मोठे करायचे म्हणजे पुन्हा भूसंपादन, म्हणजे नवा मार्गच. आपला कसारा घाट दीडशेहून अधिक वर्षे हेच सांगतो आहे.

म्हणून मनमाड–इंदूरच्या ज्या टप्प्यांची जमीन अजून मोजली गेलेली नाही, विशेषतः धुळे, शिंदखेडा आणि शिरपूरच्या सपाटीवरचे टप्पे, तिथे किमान २,००० मीटरची त्रिज्या धरावी, सगळी फाटके टाळून पूल किंवा भुयारी रस्ते द्यावेत आणि स्थानकातल्या मुख्य मार्गिकेला वळण देऊ नये, इतके लेखी मागावे. सपाटीवर यासाठी वाढणारा खर्च सेंधव्याच्या घाटाच्या मानाने किरकोळ असेल, कारण सपाटीवर डोंगर फोडायचा नसून रेघ थोडी सरळ आखायची आहे. मागणी करताना टप्प्याचे नाव, गावांची नावे आणि वळणांचा तपशील द्यावा. मंजूर आराखड्याचे नकाशे माहिती अधिकारात मागता येतात. ते हाती आले तर मी वळणे मोजून इथे देईन.